मागचं गेट

‘काय मग आर्किटेक्ट मॅडम, काय बांधलंत?’ नोकरी लागल्यापासून हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात आणि कॉलेजच्या प्रत्येक गेट-टुगेदरला विचारला गेलाय. खरं उत्तर द्यायचं मी बरेच दिवस टाळत होते. पाच वर्षं रात्र रात्र जागून शीट्स काढल्या, ज्युरीसमोर म्युझियम आणि लायब्रऱ्या मांडल्या, आणि नोकरीतलं माझं पहिलं स्वतंत्र काम काय, तर कंपाउंड वॉल. भिंत. तीही मागची.

ठाण्याच्या पुढे एक मोठं गृहसंकुल आहे. पहिल्या टप्प्यातल्या तीन इमारतींत लोक राहायला आलेत, दुसऱ्या टप्प्याचं काम चालू आहे. मागच्या बाजूला तोवर पत्रे ठोकलेले होते. त्या जागी पक्की भिंत बांधायची होती. ‘आठ फूट उंच, वर काटेरी तार, दर तीन मीटरवर कॉलम. दोन दिवसांत काढून दे,’ सर म्हणाले. दोन दिवसही जास्तच होते. जुन्या प्रोजेक्टची फाइल उघडायची, नाव बदलायचं, झालं.

माप घ्यायला साइटवर गेले तेव्हा एक आजी भेटल्या. चौथ्या मजल्यावर राहतात. हातात टेप बघून म्हणाल्या, ‘तू बिल्डरच्या ऑफिसातली का गं?’ म्हटलं, आर्किटेक्टच्या. ‘मग तुलाच विचारते. आमच्या गॅलरीतून मागची मंडई दिसते. भाजीवाला कोथिंबिरीवर पाणी मारतो तेसुद्धा दिसतं. पण जायचं तर रिक्षा लागते. असं कसं बांधलंत?’

ऑफिसात येऊन मी ड्रॉइंगवर अंतर मोजलं. आजींच्या इमारतीपासून मंडईपर्यंत सरळ रेघ मारली तर १४० मीटर. रस्त्याने जायचं तर पुढच्या गेटमधून बाहेर, मग भिंतीच्या कडेने, मग सर्व्हिस रोड, मग वळसा. एकूण ८५० मीटर. तुम्ही-आम्ही ताशी पाच किलोमीटरने चालतो, म्हणजे दहा मिनिटं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते अंतर म्हणजे ‘नकोच ते’. रिक्षावाले एवढं जवळचं भाडं घेत नाहीत. आजींची भाजी आता अ‍ॅपवरून येते. मुलगा ऑर्डर करतो. आजी मंडई बघतात.

आपल्याकडे चालण्याजोग्या शहराचा विषय निघाला की गाडी लगेच फुटपाथवर येते, आणि फुटपाथ म्हटलं की महापालिकेवर. ते चुकीचं नाहीच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की फुटपाथवर किमान १.८ मीटर रुंदीची, मध्ये काहीही आडवं न येणारी जागा हवी आणि फुटपाथची कड १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. तुमच्या घराबाहेरच्या फुटपाथवर टेप लावून बघा. पण आजींच्या बाबतीत फुटपाथ नंतर आला. त्यांनी चालायचं की नाही, ते त्याआधीच, प्लॉटच्या आत, कोणीतरी एक रेघ मारून ठरवलं होतं. आणि आता ती रेघ पक्की करायचं काम माझ्याकडे होतं.

तुमच्या कॉलेजचीच गोष्ट घ्या

मागचं गेट कायम कुलूपबंद असतं की नाही? आणि भिंतीत एका ठिकाणी, पाय ठेवायला सोयीच्या अशा दोन-तीन विटा निघालेल्या असतात की नाही? मैदानात गवतातून तिरकी गेलेली पायवाट असते की नाही? शिस्तीचा प्रश्न म्हणून त्याकडे बघतात, आणि तो असेलही. पण आर्किटेक्टसाठी ती पायवाट म्हणजे फुकटात मिळालेला सर्व्हे आहे. शेकडो मुलांनी पायाने काढलेलं ड्रॉइंग. माणूस काटकोनात चालत नाही, तो जिथे जायचंय तिकडे चालतो.

हे बारकाईने बघणाऱ्यांत यान गेल या डॅनिश आर्किटेक्टचं नाव सगळ्यात आधी घ्यावं लागतं. १९६०च्या सुमाराला तो शिकून बाहेर पडला तेव्हा त्याच्याही पिढीला मोकळ्या माळावर ठोकळे उभे करायलाच शिकवलं होतं. त्याची बायको इंग्रिड मानसशास्त्रज्ञ. तुम्ही आर्किटेक्ट लोक माणसांकडे का बघत नाही, असं ती विचारायची. या प्रश्नाने त्याचं आयुष्य बदललं असं तो स्वतःच सांगत आलाय. १९६५ मध्ये दोघं इटलीला गेले आणि तिथल्या चौकांत बसून लोक कुठे उभे राहतात, कुठे टेकतात, कुठून वळतात याच्या नोंदी करत बसले. इकडे कोपनहेगनमध्ये १९६२ सालीच स्ट्रॉइएट हा मुख्य बाजाररस्ता गाड्यांना बंद झाला होता. आपण डेन्मार्कमध्ये राहतो, इटलीत नाही, असल्या थंडीत बाहेर कोण फिरणार, अशी कुरकुर तेव्हा झाली होती. आपल्याकडे ‘एवढ्या उन्हात कोण चालणार’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. लोक फिरले. आजही फिरतायत.

गेलच्या नोंदींतली मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट दारांची आहे. ज्या रस्त्यावर १०० मीटरमध्ये १५-२० दारं असतात तिथे चालताना कंटाळा येत नाही, असं तो म्हणतो. पाच-सहा मीटर गेलं की काहीतरी नवीन दिसतं. वाण्याचं दुकान, जिना, कोणाची तरी खिडकी, आतून येणारा फोडणीचा वास. तेच १०० मीटर कोऱ्या भिंतीच्या कडेने चाललात तर दुप्पट वाटतात. पुण्यातल्या पेठांत माणूस बोलत बोलत एवढा कसा चालतो आणि नव्या टाउनशिपच्या बाहेर पाच मिनिटांत कसा थकतो, त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. जंगली महाराज रस्त्याचे फुटपाथ काही वर्षांपूर्वी रुंद केले, बसायला जागा केल्या, मुलांना खेळायला काहीबाही ठेवलं. ते चाललं, कारण बाजूला दुकानं होती, झाडं होती, आणि रस्ता आधीपासूनच लोकांचा होता. तोच फुटपाथ आठ फुटी भिंतीला चिकटवा, संध्याकाळी सातनंतर तिथून कोणी जाणार नाही.

आता भिंतीच म्हणाल तर दादरला शिवाजी पार्कलाही कड आहे. मैदानाभोवती एक किलोमीटरहून जास्त लांब. पण आपण तिला कंपाउंड म्हणत नाही, कट्टा म्हणतो. मैदान कुठे संपतं ते तोही सांगतोच की! फरक फक्त उंचीचा. बसण्याच्या उंचीला, म्हणजे दीड फुटाच्या आसपास थांबला म्हणून तो कट्टा झाला. त्याच्यावर पिढ्यान्‌पिढ्या गप्पा झाल्या, प्रेमं जमली, मोडली. आठ फुटांवर गेला असता तर त्याच्यावर नुसती पोस्टरं लागली असती. ही उंची कोणीतरी कागदावर लिहिलेली असते. माझ्यासमोरच्या ड्रॉइंगमध्ये ती मी लिहीत होते.

बेलापूरचे चौक

ड्रॉइंग अर्धवट ठेवून मी एका रविवारी हार्बर लाइन पकडली आणि बेलापूरला गेले. थर्ड इयरला कॉलेजने नेलं होतं, तेव्हा फोटो काढले आणि वडापाव खाल्ला, याउपर फारसं काही आठवत नव्हतं.

पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी आर्टिस्ट व्हिलेज आहे. सिडकोसाठी चार्ल्स कोरिया यांनी केलेली ही वसाहत १९८३ ते १९८६ या काळात उभी राहिली. कोरिया नवी मुंबईला नवखे नव्हते. खाडीपलीकडे नवं शहर वसवा, ही कल्पना त्यांनी, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली ‘मार्ग’ मासिकात मांडली होती आणि पुढे ते सिडकोचे मुख्य आर्किटेक्टही होते. पण अख्ख्या शहराच्या नकाशापेक्षा मला त्यांची ही छोटी वसाहत जास्त शिकवून गेली.

रचना अशी. सात घरं एका चौकाभोवती. चौक साधारण आठ मीटर बाय आठ मीटर. असे तीन चौक, म्हणजे २१ घरं, मिळून एका मोठ्या मोकळ्या जागेवर उघडतात, ती १२ बाय १२. अशा तीन गटांची मिळून आणखी मोठी, २० बाय २०. तुम्ही घरातून निघालात की आधी सात घरांच्या ओळखीत असता, मग एकवीस, मग सगळ्यांत. लहान मूल जसजसं मोठं होतं तसतसं त्याचं अंगण मोठं होत जातं. चार वर्षांचं पोर पहिल्या चौकात, दहा वर्षांचं दुसऱ्या, क्रिकेटवाले तिसऱ्यात. मध्ये कुठे मोठा रस्ता ओलांडायचा नाही.

प्लॉट ४५ ते ७५ चौरस मीटरचे. कमी उत्पन्नवाला आणि बऱ्यापैकी कमावणारा यांच्या जागेत एवढाच फरक. कोणाचीही भिंत शेजाऱ्याशी सामायिक नाही. का? तर ज्याला जेव्हा परवडेल तेव्हा त्याने आपलं घर वाढवावं, शेजाऱ्याची परवानगी न मागता. साध्या गवंड्याला बांधता येतील अशी ती उतरत्या छपराची घरं होती.

होती म्हणते, कारण मूळ घरं आता शोधावी लागतात. बहुतेकांनी पाडून स्लॅबची, दोन-तीन मजली बांधलीत, टाइल्स लावल्यात, ग्रिल बसवल्यात. आमच्या बॅचमधले काही जण तेव्हा हळहळले होते, ‘कोरियांचं डिझाइन गेलं!’ मलाही तसंच वाटलं होतं. या वेळी मात्र मी घरांकडे पाठ करून चौकात उभी राहिले. चौक जागेवर होते. तुळस, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, वाळत घातलेले पापड, एक स्कूटर, उन्हात पेपर वाचणारे काका. घरं चाळीस वर्षांत बदलली, मधली जागा टिकली. आणि आर्किटेक्टने जीव ओतला होता तो त्या मधल्या जागेत.

गेटवर वॉचमन नव्हता. मुळात गेटच नव्हतं. पण एका चौकात शिरून मी वही काढली, तर तीन मिनिटांत दोन बायकांनी विचारलं, ‘कोणाकडे आलीस?’ सांगितल्यावर पाणी दिलं. आमच्या संकुलात गेटवर नाव, नंबर, फोटो सगळं घेतात आणि मग लिफ्टमध्ये शेजारी उभा राहिलेला माणूस कोण ते कोणाला माहीत नसतं. जेन जेकब्ज या अमेरिकन लेखिकेने १९६१ सालीच हे लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित राहतो तो त्याच्यावर असलेल्या लोकांच्या नजरांमुळे. शिकताना पाठ केलं होतं. बेलापूरला ते माझ्यावर लागू झालं.

फार गुलाबी चित्र काढत नाही. काही चौकांत कचरा होता. सामायिक जागा झाडायची कोणी, हा वाद तिथेही असणारच. आणि मोठ्या मोकळ्या जागांत गाड्या शिरल्यात. मी तिथेच बसून हिशोब केला. एका गाडीला पार्किंगसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरतात, म्हणजे १२.५ चौरस मीटर. चौक ६४ चौरस मीटरचा. पाच गाड्यांत भरला. सात घरांनी एकेक गाडी आणली तर चौक तर संपलाच, वर दोन गाड्या बाहेर.

आमच्या टॉवरमध्ये हा हिशोब आधीच गाड्यांच्या बाजूने लागलाय. कुठल्या फ्लॅटला किती पार्किंग हवं याचा नियमावलीत अख्खा तक्ता असतो. अग्निशमन दलाच्या बंबासाठी इमारतीभोवती मोकळा पट्टा लागतो, आणि तो हवाच. मग खाली पार्किंग, भोवती ड्राइव्ह-वे, बाग वरती पोडियमवर. मुलं तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर खेळतात आणि जमिनीवर गाड्या राहतात. शेजारून मंडईला किती मीटर चालावं लागतं, याचा तक्ता मात्र मला कुठल्या ड्रॉइंग सेटमध्ये अजून दिसलेला नाही. तो काढायला कोणी मनाईही केलेली नाही, हेही खरं.

कमिटीपुढे

सोमवारी मी सरांना दोन ड्रॉइंग दाखवली. एक त्यांनी सांगितलेलं. दुसऱ्यात मी तीन गोष्टी बदलल्या होत्या. भिंत खाली तीन फूट विटांची आणि वर आरपार दिसेल अशी जाळी. मागे १.२ मीटरचं विकेट गेट, सकाळी सहा ते रात्री नऊ उघडं. आणि पन्नासेक फुटांपुरती भिंत दीड फूट आत घेऊन बाहेरच्या गल्लीला कट्टा. सरांनी बराच वेळ बघितलं. ‘कट्टा विसर,’ म्हणाले. ‘बाकीचं तूच जाऊन मांड.’

बिल्डरचा माणूस आणि पहिल्या टप्प्याची कमिटी, असे सातजण होते. सेक्रेटरी काकांनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, ‘बाहेरचे लोक आतून शॉर्टकट मारतील त्याचं काय?’ दुसरे म्हणाले, मागे गेट म्हणजे दोन पाळ्यांचा आणखी एक वॉचमन, म्हणजे मेंटेनन्स वाढणार. एक ताई म्हणाल्या, ‘माझी मुलगी क्लासहून आठला येते. मला नको बाई मागचं गेट.’

पहिल्या दोघांना मी काहीबाही उत्तर दिलं. ताईंचं बोलणं मात्र मला उडवून लावता येईना. मी स्वतः रात्री दहाला स्टेशनवरून येते तेव्हा लांब भिंतींची गल्ली टाळते आणि पानाची टपरी उघडी असते त्या रस्त्याने जाते, जरी तो लांब पडला तरी. तेच त्यांना सांगितलं. म्हटलं, मागच्या गल्लीतून शाळेच्या मुली जातात. आपण आठ फूट भिंत बांधली तर त्यांच्या एका बाजूला शंभर-सव्वाशे मीटर नुसती भिंत येणार, आणि आपल्या चार मजल्यांच्या खिडक्यांतून खाली काही दिसणार नाही. जाळी असेल तर दिसेल. गेट असेल तर येजा असेल. ताई लगेच ‘हो’ म्हणाल्या नाहीत. ‘जाळीचं पटतंय,’ म्हणाल्या.

तेवढंच झालं. जाळी मंजूर, गेट ‘पुढच्या सर्वसाधारण सभेत बघू’. आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ काय होतो ते सांगायला नको. तासाभरापूर्वी मला वाटत होतं की स्ट्रॉइएट वगैरे सांगितलं की लोक भारावतील. मी कोपनहेगनचं नावही काढलं नाही ते बरं झालं. मंडईतल्या आजींचं मात्र सांगितलं, तेव्हा दोघातिघांनी मान हलवली. त्यांच्याही घरी आई होती.

ऑफिसात परत येऊन मी ड्रॉइंग पूर्ण केलं. भिंतीचे कॉलम दर तीन मीटरवर आहेत. मंडईसमोर मात्र दोन कॉलम १.२ मीटरवर घेतले. त्यांच्यामधला बीम जमिनीच्या लेव्हलला खाली घेतला, म्हणजे उद्या वाट केली तर पायरी लागणार नाही, व्हीलचेअरही जाईल. मध्ये तीन फूट साध्या विटा, वर नटबोल्टने बसवलेली जाळी. बोल्ट काढायचे आणि विटा फोडायच्या, एक गवंडी आणि अर्धा दिवस.

सरांनी सही करण्यापूर्वी पेन्सिल तिथेच टेकवली. ‘इथे कॉलम एवढे जवळ का?’ मी गप्प. ‘आणि बीम खाली का?’ मी गप्पच. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सही केली.

मागच्या आठवड्यात भिंत बांधून झाली. मी बघायला गेले तर आजी खाली बाकावर होत्या. त्यांना हात धरून नेलं आणि ती जागा दाखवली. जाळीतून समोर मंडई दिसत होती, एक बाई मेथीची जुडी निवडत होती. आजींनी काठीचं टोक विटांवर दोनदा आपटून बघितलं.

‘एवढंच फोडायचंय?’

‘एवढंच.’

‘मग ती यांची सभा कधी असते गं?’